आधी नाव जोडा, मगच तोडा

लातूर जिल्ह्यातल्या एखाद्या गावात प्राधान्य कुटुंबाच्या, म्हणजे अन्न सुरक्षा कायद्याखाली धान्याचा हक्क असलेल्या घराच्या, शिधापत्रिकेवर पाच नावं आहेत असं धरू. माणशी पाच किलोप्रमाणे महिन्याला 25 किलो धान्य, 1 जानेवारी 2023 पासून तेही मोफत. घरातला कर्ता हडपसरला गोदामात हमालीला लागतो, वर्षभराने बायकोमुलांना आणतो आणि आता इथंच राहायचं तर कागदपत्रंही इथली करून घेऊ, असं ठरवतो. गावाकडच्या तहसीलच्या पुरवठा शाखेतून नावं कमी केल्याचा दाखला आणतो, पुण्याच्या परिमंडळ कार्यालयात अर्ज देतो. यथावकाश हातात कार्ड पडतं ते साधं केशरी. त्यावर धान्य नाही. माणसं तीच, अंगमेहनतीचं काम तेच, वर खोलीचं भाडं वाढलेलं. नियमाप्रमाणे वागला म्हणून या घराचं महिन्याचं 25 किलो धान्य गेलं. शेजारच्या खोलीतला जो माणूस गावचं कार्ड तसंच ठेवून गप्प बसला, त्याचं मात्र चालू आहे.

हे कुणा कारकुनाच्या हलगर्जीपणामुळे घडत नाही. ते व्यवस्थेच्या रचनेतच आहे.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम 2013 चा. महाराष्ट्रात तो 1 फेब्रुवारी 2014 पासून लागू झाला आणि राज्याला सुमारे 7 कोटी लाभार्थ्यांची कमाल मर्यादा मिळाली: ग्रामीण लोकसंख्येच्या 76.32 टक्के, शहरी लोकसंख्येच्या 45.34 टक्के. मोजणी 2011 च्या जनगणनेची. ही संख्या खाली जिल्ह्याजिल्ह्यांत, तालुक्यातालुक्यांत वाटली गेली. पुरवठा खात्यात तिला इष्टांक म्हणतात. इष्टांक भरला की नवं नाव घ्यायला जागा नाही, अर्जदार कितीही गरीब असो. गावातून कुटुंब बाहेर पडलं की तिथला इष्टांक पाच माणसांनी मोकळा होतो, पण ती मोकळी जागा कुटुंबाबरोबर पुण्यात येत नाही. ती गावातच राहते आणि दुसऱ्या कुणाला तरी मिळते. पुण्यातली रांग मात्र आणखी लांब होते.

उत्पन्नाची अटही बघा. प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक मर्यादा ग्रामीण भागात 44,000 आणि शहरात 59,000 रुपये. शहराला 15,000 ची सवलत दिल्यासारखी वाटते. पण 59,000 म्हणजे महिन्याला जेमतेम 4,900 रुपये. पुणे, ठाणे, नाशिकला ज्या घरात एक माणूस नियमित कामाला जातो ते घर या मर्यादेच्या बाहेर पडतं. म्हणजे गावाकडून आलेल्या कुटुंबाने शहरात नव्याने पात्रता सिद्ध करायची म्हटली तर त्याला एकतर हक्क सोडावा लागतो, नाहीतर उत्पन्नाच्या दाखल्यात खोटं सांगावं लागतं. लोक दुसरा मार्ग निवडतात, आणि मग बोगस लाभार्थी शोधायच्या मोहिमा निघतात.

आमचं म्हणणं साधं आहे. पात्रता माणसाला मिळालेली असते, पत्ता फक्त ती कुठल्या दुकानात, कुठल्या कार्यालयात पोचवायची एवढंच सांगतो. राज्यातल्या राज्यात घर बदललं तर पात्रतेची फेरतपासणी त्या निमित्ताने होता कामा नये. ती जेव्हा सगळ्यांची होईल तेव्हा याचीही होवो.

हे शक्य आहे हे 'एक देश एक रेशनकार्ड'ने दाखवून दिलं आहे. ऑगस्ट 2019 मध्ये आंध्र-तेलंगण आणि महाराष्ट्र-गुजरात या दोन जोड्यांपासून ही सोय सुरू झाली, जून 2022 पर्यंत देशभर पोचली. आज लातूरचं कार्ड हडपसरच्या कुठल्याही रास्त भाव दुकानात चालतं. बारा आकडी शिधापत्रिका क्रमांक किंवा आधार क्रमांक सांगायचा, ई-पॉस यंत्रावर अंगठा द्यायचा. नवा अर्ज नाही, भाडेकरार नाही, उत्पन्नाचा दाखला नाही. म्हणून ज्यांचं स्थलांतर अजून पक्कं नाही, त्यांना आमचा सरळ सल्ला: नावं कमी करायच्या फंदात पडू नका. गावचं कार्ड जिवंत ठेवा आणि धान्य जिथं राहता तिथं घ्या. निघण्याआधी घरातल्या प्रत्येकाची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, गावच्या दुकानदाराकडे उरकून घ्या, आधारला जोडलेलं सिमकार्ड बंद पडू देऊ नका. शहरात आल्यावर स्वस्त रिचार्जसाठी नवं सिम घेतलं जातं आणि जुना नंबर मरतो. मग एकही ओटीपी येत नाही आणि पुढचं सगळं अडतं.

ही सोय कागदावर दिसते तितकी गुळगुळीत नाही. दुकानाचं नियतन, म्हणजे महिन्याला येणारा माल, त्या दुकानाशी जोडलेल्या कार्डांवरून ठरतं. बाहेरच्या वीस कुटुंबांनी माल उचलला तर वीस तारखेनंतर येणाऱ्या स्वतःच्या कार्डधारकाला काय द्यायचं, हा दुकानदाराचा प्रश्न खरा आहे. बाहेरच्या कार्डावरच्या विक्रीलाही कमिशन मिळतं. ते 2025 मध्ये क्विंटलला 150 वरून 170 रुपये झालं. पण तेवढ्यासाठी रोजच्या गिऱ्हाइकाशी भांडण कोण ओढवून घेईल? मग 'तुमचं कार्ड इथं दिसत नाही' हे ठरलेलं उत्तर मिळतं. यावर उपाय दोन. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात जायचं आणि नकार मिळाला तर दुकानाचा क्रमांक टिपून 1967 वर किंवा 14445 वर तक्रार नोंदवायची. महिना संपला की त्या महिन्याचं धान्य साधारणपणे गेलंच समजा.

दुसरी अडचण घरातलीच आहे आणि तिच्याकडे धोरणकर्त्यांचं लक्ष नाही. कार्डावरच्या कुठल्याही एका माणसाच्या अंगठ्यावर सगळ्या कुटुंबाचं धान्य निघतं. बीडचं ऊसतोड कुटुंब दसऱ्यानंतर कारखान्याकडे निघतं, म्हातारे गावात राहतात. आठ नावांच्या कार्डावर आजोबांनी अंगठा दिला की चाळीस किलो गावात उतरतं, आणि फडावरच्या कोपीत राहणाऱ्या सहा माणसांच्या वाट्याला काही उरत नाही. थोडं इथं, थोडं तिथं असं विभागून उचलायची मुभा या योजनेत आहे. पण दोन माणसांपुरतं दहाच किलो द्या, बाकीचं राहू द्या, असं आजोबांनी सांगायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. दुकानदारालाही पावती फाडायची ती एकदाच बरी वाटते. स्थलांतराच्या हंगामात ग्रामपंचायतीने निघणाऱ्या कुटुंबांची यादी दुकानात लावली आणि त्यांचा वाटा आपोआप राखून ठेवला, तर हा प्रश्न सॉफ्टवेअरच्या एका बदलात सुटेल.

त्यात जुलै 2025 मध्ये केंद्राने रेशन व्यवस्थेच्या नियंत्रण आदेशात दुरुस्ती केली. सहा महिने धान्य न उचललेलं कार्ड तात्पुरतं बंद करायचं आणि तीन महिन्यांत घरी जाऊन पडताळणी व ई-केवायसी करायची. मेलेल्या माणसांची नावं गाळायला हे ठीक. पण पडताळणी होणार ती कार्डावरच्या पत्त्यावर, आणि हे कुटुंब नेमकं तिथं राहत नाही. म्हणून शहरात धान्याची फार गरज भासत नसली तरी मधूनमधून उचल दिसली पाहिजे. कार्ड जिवंत ठेवण्यासाठी धान्य घ्या, असा सल्ला द्यावा लागणं हे धोरण फसल्याचंच लक्षण.

आता घर बदलण्याच्या सगळ्यात मोठ्या प्रकाराकडे येऊ. त्याला कुणी स्थलांतर म्हणत नाही. मुलगी लग्न होऊन सासरी जाते. माहेरच्या कार्डातून तिचं नाव कमी करायला नमुना 9, सासरच्या कार्डात घालायला नमुना 8. एका आधार क्रमांकावर दोन कार्डांत नाव राहू शकत नाही, म्हणून आधी तोडायचं, मग जोडायचं हा क्रम. माहेरचं नाव त्वरेने कमी होतं, कारण इष्टांक मोकळा होणं कुठल्याही कार्यालयाला हवंच असतं. सासरच्या तालुक्यात मात्र इष्टांक भरलेला. नाव कार्डावर चढतं, पण धान्याच्या युनिटमध्ये, म्हणजे ज्या माणसांमागे धान्य येतं त्यांच्या संख्येत, चढत नाही. सून घरात आली, कार्डावर दिसते, आणि धान्य पूर्वीइतकंच. हिशेब केला तर राज्याचं यात काहीच वाढत नाही: एका तालुक्यात एक माणूस कमी, दुसऱ्यात एक जास्त, बेरीज शून्य. तरीही ते पाच किलो दोन तालुक्यांच्या मध्ये कुठं तरी गळून पडतं, तेही नेमकं बाळंतपणाच्या वर्षांत.

अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब घरांसाठीच्या, कार्डाचं गणित वेगळं. तिथं माणसं कितीही असोत, कुटुंबाला 35 किलो. सून आली तरी 35, मुलगा वेगळा निघाला तरी 35. त्यामुळे तीन माणसांच्या अंत्योदय कुटुंबाने दुसऱ्या तालुक्यात कार्ड हलवताना दहादा विचार करावा. तिथं प्राधान्य कुटुंबात घातलं तर 35 चे 15 होतात.

आणि उलट प्रवास? नवऱ्याचं घर सोडून मुलाबाळांसह माहेरी आलेल्या बाईचं नाव सासरच्या कार्डावर अडकलेलं असतं. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 13 प्रमाणे घरातली सर्वांत मोठी सज्ञान स्त्री कुटुंबप्रमुख, म्हणजे बहुतेक घरांत सासू. स्त्रीला मान द्यायला केलेली ही तरतूद, आणि तिच्यामुळे सुनेचं नाव कमी करायच्या अर्जावर सही लागते ती सासूची. ती सही मिळेपर्यंत बाईचं आणि पोरांचं धान्य सासरी उचललं जातं. अशा वेळी प्रमुखाच्या सहीचा आग्रह सोडून त्या बाईच्या स्वतःच्या अर्जावर आणि अंगठ्यावर नाव हलवावं, एवढा शासन निर्णय पुरेसा आहे. तोवर तिने करायची गोष्ट एकच: सासरच्या कार्डाचा बारा आकडी क्रमांक सांगून माहेरच्या दुकानात महिन्याच्या पहिल्याच दिवसांत स्वतःच्या आणि मुलांच्या वाट्याची उचल करायची. कार्ड हातात नसलं तरी अंगठा तिचाच आहे.

धान्याच्या पलीकडे गेलं की पत्त्याची पकड आणखी घट्ट होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत 1 जुलै 2024 पासून सर्व शिधापत्रिकाधारक आले, वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंत उपचार. रुग्णालयात विचारतात ती शिधापत्रिका. गावचं कार्ड रद्द, शहरचं अजून हातात नाही, अशा मधल्या काळात घरात कुणाला हृदयविकाराचा झटका आला तर काय? धान्य नसलं तर उसनवारी होते, अँजिओप्लास्टीची होत नाही. म्हणूनच आधी तोडा, मग जोडा हा क्रम निव्वळ गैरसोयीचा नाही, तो धोक्याचा आहे.

संजय गांधी निराधार अनुदान आणि श्रावणबाळ या योजनांच्या याद्या तहसीलनिहाय असतात. निराधारसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची सर्वसाधारण मर्यादा 21,000 रुपये, महिन्याचं अनुदान बहुतेकांना 2023 पासून 1,500. पैसे आता आधार जोडलेल्या खात्यात थेट येतात, त्यामुळे म्हातारी आई मुलाकडे नाशिकला राहायला गेली तरी रक्कम थांबायचं कारण नाही. थांबते ती दोन ठिकाणी. वर्षाला हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो जुन्या तहसीलला. आणि नाशिकला गेल्यावर सोयीसाठी जवळच्या बँकेत नवं खातं उघडलं जातं, तिथं आधार जोडलं जातं. थेट लाभाची रक्कम आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जाते, पासबुक मात्र जुनंच भरून बघितलं जातं. अनुदान बंद झालं असं वाटणाऱ्यांनी आधी हे तपासावं. आधारच्या संकेतस्थळावर कुठली बँक जोडलेली आहे ते दिसतं. मुलाच्या घरी राहायला गेल्याने कुटुंबाचं उत्पन्न कुणाचं धरायचं हा वादही उभा राहतो. म्हातारपणी एकटं राहिलं तर अनुदान, मुलाने सांभाळलं तर प्रश्नचिन्ह. इथं कायद्याने कुणाला काय शिकवायचंय तेच कळत नाही.

याच्या उलट 'लाडकी बहीण' बघा. राज्यभर एकच यादी, थेट खात्यात पैसे. गडचिरोलीहून पनवेलला राहायला गेलेल्या बाईला तहसील बदलावी लागत नाही. नवी योजना राज्याच्या पातळीवर चालवता येते, तर 1980 पासूनची निराधार योजना तालुक्याच्या दप्तरात का ठेवायची? राज्याची हद्द ओलांडली की मात्र दोन्ही संपतात. निराधार योजनेला महाराष्ट्रात 15 वर्षांचं वास्तव्य लागतं, गोव्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेला गोव्यात 15 वर्षांचं. सावंतवाडीची विधवा मुलीकडे म्हापशाला राहायला गेली की पात्रादेवीच्या नाक्यापाशी इकडचा हक्क सुटतो आणि तिकडचा सुरू व्हायला सव्वा तप लागतं. बारा वर्षांचं तप सोसून वर आणखी तीन.

जिल्ह्याची हद्दही काही कमी नाही. मराठवाड्यातले आठ, अमरावती विभागातले पाच आणि वर्धा अशा 14 आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी महिना 150 रुपये, 2024 पासून 170 रुपये खात्यात मिळतात. हा लाभ जिल्ह्याला चिकटलेला आहे. यवतमाळचं कार्ड चंद्रपूरला नेलं की तो सुटला, शेती यवतमाळातच असली तरी.

शाळेचं सर्वांत कठोर आहे आणि ते थेट केंद्रीय कायद्यातच लिहिलं आहे. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी विनाअनुदानित शाळेतली 25 टक्क्यांतली जागा घरापासूनच्या अंतरावर मिळते. ती आठवीपर्यंत मोफत असते. पण कलम 5 मध्ये शाळा बदलण्याचा जो हक्क दिला आहे त्यातून विनाअनुदानित शाळा स्पष्टपणे वगळल्या आहेत. तिसरीतल्या मुलाचे वडील कोथरूडची खोली सोडून भाडं कमी म्हणून मांजरीला गेले, तर तिथल्या विनाअनुदानित शाळेत मोफत जागेचा हक्क उरत नाही. पुन्हा अर्जही करता येत नाही, कारण प्रवेश फक्त सुरुवातीच्या वर्गात आणि एकदाच. उरतं ते रोज दोन बस बदलणं किंवा महापालिकेची शाळा. अशी मुलं अधेमधे गेल्यावर पहिल्या शाळेतली ती जागाही पुढे रिकामीच राहते. शासनाने निदान त्याच शहरातल्या रिकाम्या झालेल्या जागांवर अशा मुलांना घ्यायची सोय करावी. कायदा हक्क देत नाही, पण राज्याला तसं करायला मनाईही करत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक कागद आहे: भाडेकरार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड. नोंदणी फी शहरात 1,000, गावात 500, त्यावर एकूण भाड्याच्या पाव टक्का मुद्रांक. खर्च मोठा नाही. घरमालकाला भीती असते ती प्राप्तिकराची, आणि चाळीत, वस्तीत तर खोलीच मुळात अनधिकृत असते. ज्याला सरकारी लाभाची गरज सर्वांत जास्त तो नेमका अशाच खोलीत राहतो जिचा करार होऊ शकत नाही. आधारवरचा पत्ता बदलायला यातून एक वाट आहे. कुटुंबप्रमुखाच्या आधारवर नवा पत्ता असेल तर नातं दाखवून आणि त्याची ऑनलाइन संमती घेऊन बाकीच्यांचा पत्ता बदलता येतो, शुल्क 75 रुपये. पण लक्षात घ्या, आधारवरचा पत्ता बदलला म्हणून शिधापत्रिकेवरचा बदलत नाही. दोन्ही वेगळी दप्तरं आहेत.

दुहेरी लाभ घेतले जातील, हा आक्षेप येतोच. तो दहा वर्षांपूर्वी रास्त होता. आज प्रत्येक नावामागे आधार आहे, प्रत्येक उचलीमागे अंगठा आहे, एकाच वाट्याची एका महिन्यात दोनदा उचल यंत्रच होऊ देत नाही. मग नाव कमी केल्याचा दाखला कशासाठी? नव्या कार्यालयाने अर्ज मंजूर करताच जुन्या कार्डातून नाव आपोआप निघावं, आणि त्या माणसाचा इष्टांकही त्याच क्षणी तालुका बदलावा. नव्या ठिकाणी मंजुरी होईपर्यंत जुनं चालू. मधला रिकामा दिवस एकही नको. इष्टांक माणसाबरोबर फिरला तर सात कोटींच्या बेरजेला धक्का लागत नाही, त्यामुळे केंद्राची परवानगी मागायचीही गरज नाही.

पत्त्यापायी हक्क नाकारणं चूक आहे हे संसदेने एकदा मान्यही केलं आहे. 1976 पर्यंत महाराष्ट्रात अनेक जमाती ठरावीक तालुक्यांतच अनुसूचित होत्या, विदर्भातल्या ठरावीक तहसिलींच्या बाहेर राहणारा गोंड कायद्याच्या लेखी आदिवासी नव्हता. त्या वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने हे क्षेत्रबंधन उठवलं.

नावं हलवावीच लागणार असतील तर सध्याच्या व्यवस्थेतही थोडी काळजी घेता येते. अर्जात 'प्राधान्य कुटुंब योजनेच्या लाभासह हस्तांतरण' असं स्पष्ट लिहा, जुन्या कार्डाची योजना दिसेल अशी प्रत जोडा, तारीख-शिक्क्याची पोच घ्या. पोच असेल तर 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली मुदत संपल्यावर 30 दिवसांत अपील करता येतं आणि दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तोंडी 'इष्टांक नाही' हे उत्तर मानू नका, लेखी मागा.

इष्टांकाची फेरआखणी पुढच्या जनगणनेनंतर व्हायला हवी. तिची संदर्भ तारीख आहे 1 मार्च 2027. फेब्रुवारीत प्रगणक घरोघर फिरतील तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या अजून फडातच असतील, त्यातल्या कितीतरी बेळगाव-बागलकोटच्या कारखान्यांवर. त्यांची नोंद बीडमधल्या शिरूर कासारला होते की कर्नाटकात, हे बीडच्या जिल्हाधिकाऱ्यांनी आणि साखर आयुक्तालयाने 2026 च्या गाळप हंगामाआधी ठरवून घेतलं पाहिजे. त्या नोंदीवरच पुढची कित्येक वर्षं बीडच्या धान्याचा आकडा ठरणार आहे.